वाजवून झाल्यावर

वाजवणं संपलं की लगेच उठू नका. क्लॅरिनेट मांडीवर आडवं ठेवा आणि त्याचं वरचं टोक, म्हणजे माउथपीस, बोटांत नुसता धरा. तो कोमट लागेल. खालच्या लाकडी नळ्या गारच आहेत, हा एवढा काळा तुकडा मात्र कोमट. ही ऊब वाद्याची नाही, तुमची आहे. इतका वेळ छातीतून निघालेली हवा याच तुकड्यातून पुढे गेली आणि जाता जाता थोडी ऊब, थोडं पाणी इथे ठेवून गेली. ऊब मिनिटभरात निवेल. पाण्याचं काय करायचं, ते आपण आज सावकाश बघू.

आधी हे पाणी कुठून आलं ते पाहा. उच्छ्वासातली हवा बाष्पाने जवळजवळ काठोकाठ भरलेली असते. तिला गार भिंत लागली की त्या बाष्पाचे थेंब होतात. वरातीत ट्रंपेटवाला मधूनच वाद्य तिरकं करतो, खालची बारीक झडप दाबतो आणि पाणी झटकतो. बघणारी पोरं एकमेकांना कोपराने ढोसतात, ‘थुंकी काढली बघ!’ त्यात थुंकी थोडी असते, श्वासाचं पाणीच पुष्कळ. तुमच्या माउथपीसच्या आत आत्ता तेच आहे. त्याच्यासोबत लाळ आहे आणि लाळेसोबत तासाभरात तुम्ही जे खाल्लं-प्यायलात त्याचा अंश.

काय होतं ते? आठवून पाहा. घाई नाही. चहा घेतला होता का, साखरेचा? शेवटचा घोट घेऊन तसंच वाद्य तोंडाला लावलं का? लग्नाच्या हंगामात बँडच्या मंडळींना मांडवाच्या मागे चहा मिळतो, कधी सोबत जिलबी, आणि पाचव्या मिनिटाला हाक येते, ‘चला, नवरदेव निघाला.’ त्या जिलबीतली साखर मग श्वासाबरोबर आत जाते, ओल्या भिंतीला चिकटते आणि तिथल्या अदृश्य रहिवाशांची जेवणाची सोय होते. तंबाखू, पान, गुटखा यांचं तर बोलायलाच नको. त्यांचा लालसर थर रीडवर, म्हणजे माउथपीसला बांधलेल्या पातळ पट्टीवर, डोळ्यांना दिसतो.

म्हणून माउथपीसची पहिली सफाई वाजवण्याआधी होते, आणि ती माउथपीसची नसतेच. चूळ भरा. खळखळून, दोनदा. जमलं तर दात घासा. सुषिर वाद्यं वाजवणाऱ्या जगभरच्या माणसांनी आपल्या वाद्यांसाठी ब्रश, फडकी, फवारे, गोळ्या असं काय काय काढलं आहे, पण तांब्याभर पाण्याने जे काम होतं त्याची बरोबरी त्यांतलं एकही करत नाही असं माझं मत आहे. आज चूळ भरायची राहिली असेल तर राहू द्या. उद्या आहेच.

आता रीडला आवळून धरणाऱ्या पट्ट्याचे, म्हणजे लिगेचरचे, स्क्रू सैल करा. पूर्ण काढू नका, सैल करा. रीड टोकाकडून ओढू नका. खालच्या जाड बाजूने अलगद सरकवून सोडवा. ही रीड म्हणजे वेतासारखं दिसणारं गवत आहे, बहुतेक करून दक्षिण फ्रान्समधल्या वार भागात उगवलेलं. तिच्या टोकाला जाडी जवळजवळ नाहीच. उजेडासमोर धरलीत तर टोक पारदर्शक दिसेल. अंगठा आणि तर्जनीत तिला हलकेच धरून जाड बाजूकडून टोकाकडे, एकाच दिशेने, पाणी निपटून टाका. उलट्या दिशेने नाही, टोक चिरेल. मग तिला तिच्या सपाट डबीत ठेवा. माउथपीसवर तशीच बांधून ठेवायचा मोह होतो, कारण उद्या पुन्हा बांधायचीच आहे. पण ओल्या रीडच्या आणि माउथपीसच्या मध्ये जी दमट सावली राहते, बुरशीला याहून सोयीची जागा घरात दुसरी नाही.

रीड बाजूला झाली. आता जे उघडं पडलं आहे त्याकडे बघा. पुसायला नाही, नुसतं बघा.

एक लांबट खिडकी आहे. खिडकीच्या दोन्ही बाजूंना दोन अरुंद कडा आहेत, त्या वर जाऊन टोकाशी एका बारीक आडव्या कडेला मिळतात. खिडकीखालचा सपाट भाग म्हणजे रीडची बैठक. माउथपीस डोळ्यांसमोर आडवा धरलात तर दिसेल की ही बैठक शेवटपर्यंत सपाट नाही. टोकाकडे जाताना ती किंचित मागे झुकते. म्हणून रीड बांधली की तिचं टोक आणि माउथपीसचं टोक यांच्यात फट राहते. ही फट साधारण एक ते सव्वा मिलिमीटरची. व्हांडोरेन या फ्रेंच कंपनीचा ‘बी ४५’ नावाचा खूप चालणारा माउथपीस आहे, त्यात ती १.१९५ मिलिमीटर सांगितली जाते. दशांशचिन्हापुढे तीन आकडे! एवढ्या काटेकोरपणे मोजलं काय आहे, तर जिथे काहीच नाही ती जागा.

तुम्ही फुंकता तेव्हा त्या फटीतून हवा आत घुसते, रीड कडेकडे ओढली जाते, पुन्हा मागे येते. सूर जुळवताना वाद्यवृंद ज्या ‘ए’ला येऊन थांबतो, त्या स्वराला हे सेकंदाला ४४० वेळा होतं. रीड त्या कडांवर टेकायला येते आणि उठते, टेकायला येते आणि उठते, आणि दोन्ही कडा सारख्या असतील तरच ती सरळ टेकते. एक कड दुसरीपेक्षा कणभर झिजली तर रीड तिरकी मिटते, हवा एका बाजूने निसटते आणि मग सूर मध्येच किंचाळतो. वाजवणारा बिचारा रीड बदलत बसतो.

डोळे मिटा आणि अंगठा त्या टोकाच्या कडेच्या अगदी जवळ आणा. लावू नका. जवळ आणा, तिथेच थांबवा. आजच्या सगळ्या सफाईत हातांनी शिकायचं ते हेच आहे: कुठपर्यंत जायचं आणि कुठे थांबायचं.

हे आपल्याला सोपं नाही. आपल्या घरातल्या सफाईला चमक लागते. समई, तांब्या, देवघरातली घंटा, सगळं चिंच, राख, पीतांबरी लावून खसाखसा घासायचं, आणि पितळ लखलखलं की काम झालं. ज्याने घासलं त्याच्या दंडाला जितकी रग लागली तितकं भांडं स्वच्छ, असा हिशोब. दसऱ्याला आपण शस्त्रांबरोबर वाद्यांचीही पूजा करतो, आणि पूजेच्या आदल्या दिवशी कितीतरी माउथपीसांच्या वाट्याला हाच उत्साह येत असणार. पितळेची समई जाडजूड असते, तिचा कणभर थर गेला तरी तिला फरक पडत नाही. १.१९५ मिलिमीटरच्या फटीला पडतो.

म्हणून एक छोटी, पण जुन्या वादकांनाही कधी कधी न पटणारी गोष्ट. वाजवून झाल्यावर नळीतून दोरीला बांधलेलं सुती फडकं ओढून काढायचं असतं. लाकडी नळ्यांसाठी ते हवंच, नाहीतर लाकूड तडकतं. पण तेच फडकं माउथपीसमधून ओढू नका. एकदा ओढल्याने काही होत नाही, शंभरदा ओढल्यानेही दिसणार नाही. पण रोज, वर्षानुवर्षं, दोरी आणि कापड त्याच कडेवरून घासत गेलं की कडेचा आकार बदलतो, आणि तो इतका हळू बदलतो की आपलं वाद्य बिघडलं की आपला दम कमी झाला, हेच कळेनासं होतं. माउथपीस वेगळा काढा. त्याची आतली बाजू मऊ कापडाच्या टोकाने, लहान बाळाचे कान पुसावेत तशी, टिपून घ्या.

टिपून घेतलंत? आता तो काळा रंग बघा. बहुतेक चांगले माउथपीस एबोनाइटचे असतात. एबोनाइट म्हणजे रबरच, फक्त त्यात गंधक इतकं घातलेलं, वजनात चौथा हिस्सा किंवा त्याहूनही अधिक, की रबराचं रबरपण जातं आणि ते लाकडासारखं कातता येतं. रबर आणि गंधक एकत्र तापवल्यावर काय होतं हे अमेरिकेत चार्ल्स गुडइयरला १८३९ साली सापडलं. या कडक रबराचं पेटंट १८५१ साली त्याच्या भावाने, नेल्सनने घेतलं. जुनी शाईची पेनं याच एबोनाइटची असत. पेन उन्हात राहिलं की त्याचा काळा रंग उतरून तपकिरी-हिरवट व्हायचा, हे ज्यांनी ती वापरली त्यांना आठवत असेल. माउथपीसचंही तेच होतं. ऊन, उष्णता आणि ओल यांनी पृष्ठभागावरचं गंधक सुटं होतं, हवेशी संयोग पावतं, रंग हिरवट होतो आणि जिभेला कडवट-आंबट चव लागते.

इथून गरम पाण्याचा नियम येतो. एबोनाइट गरम पाण्यात घालू नका. उकळत्या पाण्यात तर कधीच नाही, जंतू मारायच्या हेतूने सुद्धा नाही. रंग जातो तो जातोच, उष्णतेने बैठकीचा सपाटपणाही जाऊ शकतो, आणि तो परत आणणं हे दुरुस्तीवाल्यांतल्याही मोजक्यांचं काम. भांडी घासायच्या यंत्रात टाकणाऱ्यांबद्दल मी काही बोलत नाही. बेसिनचा नळ सोडा, पाणी मनगटाच्या आतल्या बाजूवर घ्या. गार किंवा जेमतेम कोमट, एवढंच.

या पाण्याखाली माउथपीस धरा. खालच्या टोकाला बुचाचा पट्टा असेल, तो पाण्याबाहेर ठेवा. बूच म्हणजे ओक झाडाची साल, भिजत राहिली की फुगते, मग सुकून ढिली पडते आणि तिच्याखालचा गोंदही सुटतो. पाणी आतून वाहू द्या. ते कुठून शिरतं, खिडकीशी कसं पसरतं, टोकाशी कसं पातळ होतं, बघत राहा. आत्तापर्यंत या वाटेने तुमची हवा गेली, आता पाणी जातं आहे. वाट तीच आहे.

तळहातावर भांड्यांच्या पातळ साबणाचा एक थेंब घ्या, पाण्यात मिसळा. सुगंधी नको, घासणीच्या पावडरीचा नको. बोटाने बाहेरून लावा. आतून मऊ केसांचा छोटा ब्रश फिरवा, बुडाकडून आत शिरणारा. टोकाशी आलात की ब्रश थांबवा. तिथे फक्त साबणाचं पाणी आणि बोटाची मऊ कूस. किती वेळ? साबण आपलं काम जोर लावून करत नाही, तेलकट थर भिंतीपासून सोडवून करतो, आणि त्याला थोडा अवधी लागतो. तेवढ्यात चार-पाच संथ श्वास होतील. मग भरपूर पाण्याने धुवा. ओठ उद्या जिथे टेकणार आहेत तिथे साबणाची चव राहता कामा नये.

हे आठवड्यातून एकदा पुरे. रोजचं ते टिपणं, एवढंच.

काही माउथपीसवर तुम्हाला पांढुरका, खरबरीत थर दिसेल, विशेषतः वरचे दात टेकतात त्या उतारावर आणि टोकाच्या आसपास. नखाने खरवडावासा वाटेल. हात खाली ठेवा. हा थर म्हणजे लाळेतले क्षार, दातांवर कीटण चढतं त्याचाच भाऊबंद. दातांचं कीटण काढायला आपण पिन घेऊन बसत नाही, इथेही बसायचं नाही. पांढरं व्हिनेगर घ्या, त्यात तितकंच पाणी घाला, कापसाचा बोळा भिजवून त्या जागी ठेवा आणि काही मिनिटं नुसते बसून राहा. आम्ल क्षारांना विरघळवत असतं, त्यात तुम्हाला करण्यासारखं काही नाही. लिंबाचा रस पाणी घालून चालतो. नंतर बोटाने पुसा. गेला तर गेला. नाही गेला तर पुन्हा कापूस, पुन्हा थोडा वेळ. शेवटी साबणाचं पाणी आणि स्वच्छ धुणं. रात्रभर भिजत टाकू नका, उतावळेपणा आणि आळस दोन्ही इथे सारखंच नुकसान करतात.

आणि हिरवट झालेला रंग? तो घासून पुन्हा काळा करायच्या युक्त्या लोक सांगतात, त्यात ब्लीच येतं, बारीक पॉलिश कागद येतो. यांतली एकही युक्ती कडांना ओळखत नाही. रंगाने सूर बिघडत नाही. चव असह्य झाली तर नवा घ्या, नाहीतर जुन्या हिरव्या माउथपीसवर वाजवत राहा. शिवाय ब्लीचबद्दल एक गोष्ट वाद्याच्या नव्हे, तुमच्या जिवासाठी: ब्लीच आणि व्हिनेगर कधी एकत्र येऊ देऊ नका, एकापाठोपाठ एक त्याच वाटीतसुद्धा नाही. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि बंद न्हाणीघरात तो छातीत भरतो.

छातीचा विषय निघालाच आहे तर थोडा वेळ तिथे थांबू. जरा ताठ बसा. श्वास आत घ्या. वाजवणारा माणूस श्वास घेतो तो तोंडाने, झटकन आणि खोल, आणि घेताना ओठांचे कोपरे वाद्यापासून जेमतेम सुटलेले असतात. म्हणजे वाद्यात जे आहे त्यातलं थोडं तोही आत घेत असतो. हा व्यवहार दोन्हीकडून चालतो.

इंग्लंडमधल्या एका बॅगपाइप वादकाची हकीकत २०१६ साली ‘थोरॅक्स’ या वैद्यकीय नियतकालिकात आली. ६१ वर्षांचा माणूस, रोज वाजवणारा. २००९ पासून फुप्फुसाच्या एका आजाराचं निदान झालेलं, ज्यात शरीर श्वासातून आलेल्या कणांवर चवताळून उठतं. कारण मिळत नव्हतं. तो तीन महिने ऑस्ट्रेलियाला गेला, वाद्य घरी राहिलं, आणि तेवढे महिने त्याला बरं वाटलं. हे लक्षात येऊन वाद्य तपासलं तेव्हा आतल्या ओलीत बुरशीच्या अनेक जाती मिळाल्या. तोवर उशीर झाला होता. २०१४ मध्ये तो गेला. त्याआधी, २०१० साली, अमेरिकेतल्या एका ट्रॉम्बोन वादकाची हकीकत प्रसिद्ध झाली होती. पंधरा वर्षं खोकला. वाजवणं थांबलं की खोकलाही थांबे. त्याच्या वाद्यात जिवाणू आणि बुरशी सापडली, त्याने ट्रॉम्बोन स्पिरिटने नियमित स्वच्छ करायला सुरुवात केली आणि खोकला गेला.

हे वाचताना छातीत काही आवळलं का? आवळू द्या, मग सोडा. अशा घटना विरळा आहेत, म्हणून तर त्या नियतकालिकांत छापल्या जातात. बॅगपाइपची पिशवी तर ओल धरून ठेवण्यासाठीच केल्यासारखी असते. पण अमेरिकेतल्याच ओक्लाहोमा राज्यात शाळेच्या बँडमधली १३ वाद्यं तपासली गेली, माउथपीसपासून पेटीच्या अस्तरापर्यंत ११७ जागांवरून नमुने घेतले, त्यांत ४४२ वेगवेगळे जिवाणू सापडले, शिवाय बुरशी आणि यीस्ट. त्या वाद्यांतली निम्म्याहून जास्त महिनाभर कुणी हातात घेतली नव्हती. बंद पेटीत पडून राहिलेलं वाद्य स्वच्छ असतं, ही समजूत तेवढ्याने गेली तरी पुष्कळ.

तुमच्या तोंडातलं तुमच्याच वाद्यात असेल तर शरीराची त्याच्याशी बहुतेक ओळख असते. दुसऱ्याचं असेल तर गोष्ट वेगळी. शाळेतल्या बँडपथकाचा बिगुल आठवा. एकच बिगुल, पहाटेची परेड, आणि शिकणारी मुलं रांगेत. प्रत्येकजण शर्टाच्या बाहीने माउथपीस पुसतो आणि फुंकतो. आपल्याकडे दुसऱ्याच्या पेल्याला तोंड लावायचं नाही म्हणून माणसं तांब्या वर धरून पाणी पितात, तीच माणसं बिगुल मात्र असा हातोहात पुढे देतात. बाहीने काहीही निघत नाही, ते फक्त पसरतं.

उपाय कंटाळवाणा आहे: ज्याचा माउथपीस त्याच्यापाशी. वाद्य एक असू शकतं, माउथपीस वेगवेगळे घेता येतात, आणि बिगुलाचा माउथपीस काही वाद्याइतका महाग नसतो. ते शक्यच नसेल तर आधी साबण आणि पाणी, मग जंतुनाशक. मळ न काढता नुसतं जंतुनाशक लावलं तर ते मळालाच लागतं. धातूच्या माउथपीसला ७० टक्क्यांचं अल्कोहोल चालतं, पण ओलं राहून आपोआप सुकेपर्यंत थांबायला हवं. फवारलं आणि लगेच पुसलं, यात दिलासा आहे, सफाई नाही. एबोनाइटवर अल्कोहोल वारंवार नको. त्यासाठी वादकांच्या दुकानात मिळणारा माउथपीसचा खास द्राव बरा.

धातूचा विषय आला तर तेही आटोपून घेऊ, कारण पितळी माउथपीस या बाबतीत बराच सोशीक आहे. ट्रंपेट, कॉर्नेट, युफोनियम यांचे माउथपीस पितळेचे, वर चांदीचा मुलामा. वाटीसारखा भाग, तळाशी भोक, पुढे निमुळती नळी. गरम पाणी, साबण, नळीत जाणारा बारीक ब्रश, झालं. फक्त चिंच आणि राख नको; मुलामा कागदाहून पातळ असतो. तो झिजून ओठाच्या कडेशी पिवळं पितळ दिसायला लागलं तर तिथे ओठाला खाज सुटू शकते, हिरवट डाग येतात. पुन्हा मुलामा द्या किंवा बदला. चांदी काळी पडत असेल तर पेटीत रबरबँड ठेवलाय का बघा, रबरातलं गंधक चांदीला काळं करतं. (त्याच कारणाने एबोनाइटच्या शेजारी चांदीच्या कळाही लवकर काळवंडतात.) आणि माउथपीस बसवताना वरून तळव्याची थाप मारायची सवय सोडा. तो आत रुततो, मग कुणीतरी पक्कड आणतो, आणि पकडीने माउथपीस सुटायच्या आधी वाद्याचं डाखकाम सुटतं. रुतलेला माउथपीस ओढून काढायचं एक साधं यंत्र दुरुस्तीवाल्याकडे असतं. त्याच्याकडे जा.

सनईवाल्यांना यातलं काही लागत नाही असं कुणी म्हणेल. त्यांचा माउथपीस म्हणजे ती इवलीशी पत्तीच, गवताची, तोंडात जवळजवळ पूर्ण घ्यायची. सनईच्या गळ्यात दोऱ्याला जादा पत्त्या लोंबत असतात आणि त्यांच्यासोबत एक सुई. ती सुई बघितली आहे का कधी? देवळात चौघडा संपला आणि वादक पाय मोकळे करायला उठला की बघा. त्या सुईने तो पत्तीच्या दोन पापण्यांमधली फट मोकळी करतो, अडकलेला कण काढतो, पत्ती मिटली असेल तर उघडतो. हात फार हळू चालतो. पत्ती साबणाने धुतली जात नाही, तिला रसायन लागत नाही. ती खराब झाली की जाते, दुसरी येते. सनई तीच राहते. वाद्याचा जो भाग तोंडात जातो तो फार काळ टिकण्यासाठी नसतोच, हे त्या लोंबणाऱ्या पत्त्यांनी आधीच मान्य करून टाकलेलं आहे. क्लॅरिनेटच्या रीडचंही तेच, पण एका चांगल्या रीडला आपण किती महिने सोडत नाही!

तुमचा माउथपीस एव्हाना निथळला असेल. मऊ धुवट कापडाने बाहेरून टिपा, हातरुमालाने नाही, त्याला दिवसभराचं सगळं लागलेलं असतं. जुन्या धोतराचा तुकडा असेल तर त्याला तोड नाही. आतलं पाणी झटकून काढू नका, हातातून सुटला तर टोक फरशीवर आपटेल आणि सगळी सफाई तिथेच संपेल. उतरता ठेवा, पंख्याच्या वाऱ्यात, खिडकीपासून लांब, उन्हात नाही. पेटीत जाण्याआधी तो पूर्ण सुकायला हवा. किती वेळ लागतो हे ऋतूवर आहे. फेब्रुवारीत सोलापूरला पाच मिनिटं, जुलैत रत्नागिरीला, पणजीला किंवा मुंबईत तासभरानंतरही बोटाला ओल लागते.

आणि जुलै हाच खरा कठीण महिना. आषाढी एकादशीनंतर लग्नं थांबतात, वराती थांबतात. वाद्यं मखमली अस्तराच्या पेटीत जातात, पेट्या पलंगाखाली. बाहेर दिवसचे दिवस पाऊस, चपलांवरही बुरशी धरते अशी हवा, आणि आत शेवटच्या वरातीची ओल तशीच. मग श्रावणात गणपतीची तालीम सुरू होते, पेटी उघडते आणि वास येतो. वास आला म्हणजे बुरशी आधीच आहे, आणि तो वास ज्याने घेतला त्याने थोडी बुरशीही घेतली. माउथपीस धुता येतो, अस्तर सहसा धुता येत नाही. त्याला उघडं करून कोरड्या दिवशी वारा द्यावा लागतो. माउथपीस मात्र पावसाळाभर पेटीत न ठेवता कोरड्या डब्यात, शेजारी दमटपणा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या दोन पुड्या टाकून, वेगळा ठेवता येतो. त्या पुड्या नव्या पर्सच्या आणि बुटांच्या खोक्यांतून आपण फेकून देतो. फेकू नका. त्याही कालांतराने ओल्या होतात. वाजवत नसलात तरी पंधरा दिवसांनी डबा उघडा, पुड्या बदला, माउथपीस हातात घेऊन नाकापाशी आणा. गंधकाचा मंद वास आला तर ठीक आहे, तो एबोनाइटचा स्वतःचा. दमट कपाटासारखा आला तर पुन्हा नळाकडे चला, गार पाणी, साबणाचा एक थेंब.